नऊ ठिकाणी दबलेला आवाज

१

माईंचं आठवं गाणं बिघडलं होतं, आणि ते पुन्हा गाणं आता खुद्द माईंच्याही हातात नव्हतं.

रेकॉर्डिंग संपलं आणि चौथ्या दिवशी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलण्यापुरता आवाज येईल, गाण्याचं विसरा, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. म्हणून तर एवढी घाई करून पंधरा दिवसांत आठ गाणी उरकली होती. सात पियानोबरोबर. आठवं नुसतं गळ्यातून, बिनसाथीचं, माईंचं सगळ्यांत लाडकं.

सोमवारी सकाळी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरसमोर चौघं उभी होती आणि पाचव्यांदा तेच गाणं ऐकत होती. माईंचा आवाज सुरेख चालला होता. मध्येच कुणी उशी दाबावी तसा तो बुडायचा, दोन श्वासांपुरता, आणि मग आपोआप वर यायचा. असं नऊ ठिकाणी.

"काका," स्टुडिओचे मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "या गाण्याच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह तुम्हीच बदलला होतात ना?"

काका म्हणजे दिवेकाका. खरं आडनाव त्यांच्या बायकोलाही सही करतानाच आठवायचं. काचेचे व्हॉल्व्ह लावून जुनी यंत्रं उजळवणारा माणूस, म्हणून दिवे. आणि वय बासष्ट, म्हणून काका. स्टुडिओतला तो दोन चॅनलचा व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर एकट्याने उचलवत नाही इतका जड होता आणि गेली अठ्ठावीस वर्षं तो फक्त काकांच्या हाताला दाद देत होता. काम त्याचं साधं. आवाज फार वर गेला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवायचं, पण ऐकणाऱ्याला तो हात कळता कामा नये. इथे तर तो हात नऊ वेळा ढळढळीत ऐकू येत होता.

"मीच बदलला," काका म्हणाले. "उजव्या बाजूचा. दोन तास तपासून दिला होता."

"त्या मशीनने माझ्या आईचा गळा दाबलाय," माईंची लेक म्हणाली. तिला सगळे ताई म्हणायचे. आईची सगळी कामं तीच बघायची आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही. "शुक्रवारी ती ऐकायला येणार आहे. तिला मी काय सांगू?"

रेकॉर्डिंग करणारा खाली मान घालून वायरी गुंडाळत होता. त्याच्या तयार कानामुळे त्याला कानसेन म्हणत. आज मात्र त्याला काही ऐकूच येत नव्हतं म्हणायचं.

मालकांनी घसा साफ केला. "शनिवारी नवीन मशीन येतंय. हे तुम्ही घेऊन जा, काका. आणि आता तुम्हीही जरा आराम करा."

आराम करा म्हणजे काय, ते काकांना पुरतं कळलं. ही गोष्ट आठवड्याभरात गावभर होईल, आणि दुसरा कुठला स्टुडिओ आपल्याला यंत्राला हात लावू देणार नाही.

ते घरी गेले, डायरी काढली. 'उजवा बदलला. डाव्याशी जोडी जमवली. ठीक.' अक्षर त्यांचंच होतं. पण दोन्हींचे आकडे ताडून जोडी जमवतानाचा तो क्षण काही केल्या त्यांना आठवेना. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डाव्याचा अजून तसाच. ही गोष्ट त्यांनी स्टुडिओत कुणाला सांगितली नव्हती. व्हॉल्व्हवरचे बारीक आकडे त्या दिवशी आपण खरंच वाचले होते, की वाचल्यासारखं करून लिहून टाकलं होतं?

२

मंगळवारी मिक्सिंगसाठी बाहेरून बोलावलेल्या मॅडम आल्या. पंचेचाळिशीच्या, आखूड केसांच्या, आणि येताच खुर्ची सरकवून सगळ्यांना आपल्या उजव्या हाताला बसवणाऱ्या.

"माझा डावा कान लहानपणीच पेन्शनीत गेला," त्या म्हणाल्या. "तेव्हा डावीकडून बोललात तर उत्तराची वाट बघू नका."

एका कानाची बाई दोन स्पीकरचं मिक्सिंग करते, या विचारानेच काकांचं डोकं गरगरलं. मॅडमना ते दिसलं असावं. "डावं-उजवं मी मीटरवर बघते, काका. पण वर-खाली मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं."

त्यांनी गाणं एकदाच ऐकलं. मग डोळे मिटून बसल्या. काका समोर उभे, शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

"व्हॉल्व्ह खराब झाला तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"खरखर येते. आवाज फाटतो, नाहीतर हळूहळू मरतो. पण मेला की मेला, असा सारखा उठून बसत नाही."

"मग तुम्ही स्वतःवर का चिडलाय?"

काका यंत्राकडे वळले. त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला, अर्धा तास तापू दिला, मग त्याच्यातून माईंची एक जुनी टेप वाजवून दाखवली. दोन्ही काटे शहाण्यासारखे डुलले. त्यांनी यंत्र बंद केलं, थंड होऊ दिलं, डावा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला, पुन्हा तापवलं. दोष व्हॉल्व्हमध्ये असता तर तो व्हॉल्व्हबरोबर बाजू बदलून गेला असता. कुठेच काही नाही. चार तास गेले आणि यंत्र धुतल्या तांदळासारखं स्वच्छ निघालं.

काकांना हायसं वाटायला हवं होतं. उलट ते जास्तच गोंधळले. यंत्रात दोष नाही आणि यंत्रातून गेलेला आवाज तर नऊ ठिकाणी दबलाय. मग दाबला कुणी?

"एक विचारू?" मॅडम म्हणाल्या. "या बाईंचा आवाज कुठे दबलाय, ते नीट ऐकलंत का तुम्ही?"

"नऊ ठिकाणी."

"किती ठिकाणी ते नाही विचारलं. कुठे?"

गेले दोन दिवस काका नुसते मोजतच होते.

३

बुधवारी मॅडमनी कानसेनला समोर बसवलं. काका यंत्र पुसण्याच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले.

"आवाज कॉम्प्रेसरमधून जाऊनच रेकॉर्ड झाला?"

"हो. माझी पद्धत आहे ती. आधीच थोडा बसवून घेतो." कानसेन टेबलाकडे बघत बोलत होता.

"म्हणजे न दाबलेली प्रत कुठे नाही."

"नाही."

"एकच माईक?"

"बिनसाथीचं गाणं. दुसरा कशाला लागतो?"

"माई डाव्या चॅनलवर होत्या. उजव्यावर काय होतं?"

"काही नाही."

"तुझी वही बघू."

कानसेनची वही स्टुडिओत प्रसिद्ध होती. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या वेळी कॉम्प्रेसरचं कुठलं बटण किती फिरवलं होतं, ते तो पेन्सिलीने दोन रकान्यांत लिहून ठेवायचा. डावा चॅनल, उजवा चॅनल. सात गाण्यांची पानं गच्च भरली होती, कारण पियानोला दोन माईक लागायचे आणि दोन्ही रकाने वापरात असायचे. माईंचा आवाज तेव्हा दुसऱ्या यंत्रातून जायचा. त्याच्याही आधीच्या एका भाषणाच्या रेकॉर्डिंगला एकच माईक होता, तिथे उजव्या रकान्यात कानसेनने नेटकी आडवी रेघ मारली होती.

आठव्या गाण्याच्या पानावर डावा रकाना भरलेला, उजवा कोरा. रेघही नाही.

मॅडमनी पान उजेडाकडे धरलं. उजव्या रकान्यात कागद विरळ झाला होता. रबर चांगलंच घासलेलं.

"काही नव्हतं तर खोडलंस काय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"चुकून दुसरंच काही लिहिलं होतं." कानसेन उठला. "मला एक फोन करायचाय."

तो गेला तो तासभर आलाच नाही. काकांनी त्याला कालचा पोरगा असल्यापासून पाहिलं होतं; खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आज नुसत्या पाळ्या नाही, मानसुद्धा लाल झाली होती. पण हा माणूस माईंचं गाणं जाणूनबुजून कशाला बिघडवेल? दर दिवाणखान्यात माईंचा फोटो लावावा असं म्हणणारा हा. काकांना त्याच्यावर रागावता येईना आणि त्याच्यावर विश्वासही ठेवता येईना.

"कानसेन तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय," मॅडम म्हणाल्या. "तो कुणाला तरी वाचवतोय. तुम्हाला नक्कीच नाही."

४

मॅडमनी पियानो वाजवणाऱ्यांना फोन लावला, काकांनाही ऐकू येईल असा. ते आधीच फणफणलेले होते.

"माझं काम सात गाण्यांचं. आठव्याला माई म्हणाल्या, साथ नको. तीस वर्षं साथ केली आणि शेवटच्या गाण्याला नको! वाईट वाटणारच ना? पण म्हणून मी गाणं बिघडवलं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"त्या दिवशी तुम्ही इथे आला होतात म्हणे."

"चष्मा विसरलो होतो, तो न्यायला. रेकॉर्डिंग चालू होतं, लाल दिवा लागलेला. बाहेरूनच चष्मा मागून घेतला. आणि त्या पोराला सांगा, लहान खोलीत माणसं कोंबायची तर निदान दार तरी लावून घे. फटीतून उजेड येत होता."

फोन ठेवताच मॅडम आणि काका उठले. लहान खोली म्हणजे मोठ्या खोलीला लागून असलेली, काचेच्या खिडकीची, एका माणसापुरती. महिन्याभरात ती वापरलीच नाही, असं कानसेनने सकाळी सांगितलं होतं.

दोघं तिकडे गेले. स्टुलावर उशी होती. शब्दांचा कागद ठेवायचा स्टँड खाली केलेला, बसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. स्टँडवरच्या छोट्या दिव्यावर धूळ नव्हती. बाकी सगळीकडे बोट उठेल एवढी होती. खुंटीला हेडफोन आणि समोर माईक. काकांनी माईकच्या वायरीवर बोट ठेवलं आणि ती भिंतीतून कुठे जाते, ते शोधत निघाले. खोलीबाहेर, टेबलाखालून, रॅकच्या मागे. गुडघ्यावर बसून, उजवा डोळा जवळ नेऊन त्यांनी वायरीचं टोक पाहिलं.

वायर कॉम्प्रेसरच्या उजव्या चॅनलमध्ये खोचलेली होती.

"पियानोच्या दोन माईकपैकी एकाची वायर इथे खोचलेली असायची," काका पुटपुटले. "म्हणजे नंतर तिथे..."

"नंतर तिथे कुणी तरी बसलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याचा आवाज पुसून टाकलाय."

काकांची मती गुंग झाली. पुसून टाकलेला आवाज दुसऱ्याचा आवाज कसा दाबेल? जो आवाज आता कुठे नाहीच, तो?

५

गुरुवारी सकाळी मॅडमनी गाण्याच्या शब्दांचा कागद टेबलावर पसरला. सोमवारी ताईनेच तो पाठवला होता. तीन कडवी, प्रत्येकी चार ओळी, आणि दर कडव्यानंतर धृपद.

"मी वाजवते. आवाज दबला की तुम्ही लाल पेन्सिलीने तो शब्द अधोरेखित करा."

काकांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. गाणं संपलं तेव्हा कागदावर नऊ लाल रेघा होत्या. मॅडमनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "आता बघा."

पहिल्या कडव्याचे शब्द असे होते:

पावलांचे माग गेले अंगणातूनी पुढे
सावलीला एकटीने आत मीही ओढले
कोण आले, कोण गेले, कोण मागे राहिले
शब्द होते चार हाती, तेवढेही सांडले

लाल रेघा होत्या 'पुढे'खाली, 'ओढले'खाली, 'राहिले'खाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यातही तसंच. पहिल्या तीन ओळींचं शेपूट दबलेलं. चौथी ओळ शेवटपर्यंत स्वच्छ, आणि धृपदाला कुठेच धक्का नाही.

काकांना काही तरी दिसत होतं, पण ते हातात येत नव्हतं. "कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो," ते हळूहळू म्हणाले. "ओळीच्या शेवटी तर माई आवाज उतरवतात. तिथे दाबायला काही कारणच नाही."

"बरोबर. माईंच्या आवाजात कारण नाही. मग कारण कुठे आहे?"

"उजव्या चॅनलमध्ये." काका झटकन उठून यंत्राकडे गेले. दोन्ही काट्यांच्या मधोमध एक खटका होता, अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हजारदा साफ केलेला. पियानोसारखं वाद्य दोन माईकने घेताना हा खटका चालू ठेवायचा. मग कुठल्याही एका बाजूला आवाज वाढला की दोन्ही बाजू एकत्र दबतात. नाहीतर पियानो डावी-उजवीकडे झोकांड्या खातो. एका आवाजाला त्याची गरज नाही. तेव्हा तो बंद करायचा असतो.

खटका चालू होता. मंगळवारी त्यांनी यंत्रातलं सगळं बाहेर काढून पाहिलं होतं, पण दोष आत शोधण्याच्या नादात हा एवढा मोठा खटका त्यांना दिसलाच नव्हता. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे लहान खोलीतलं माणूस बोललं की इकडे माईंचा आवाज खाली बसायचा!"

"आणि ते माणूस नऊ वेळा बोललं. प्रत्येक वेळी माई ओळ संपवत असताना. पण चौथ्या ओळीच्या शेवटी कधीच नाही." मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "चौथ्या ओळीनंतर काय येतं, काका?"

"धृपद."

"यंत्राला धृपद कळत नाही. माणसाला कळतं."

कागदावर आणखी एक गोष्ट होती, इतकी फिकी की काकांना भिंग घ्यावं लागलं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या पहिल्या दोन शब्दांआधी पेन्सिलीची बारीक खूण होती. दर कडव्यात. धृपदाआधी नव्हती.

"हा कागद स्टँडवर होता," मॅडम म्हणाल्या. "ताईंना चहाला बोलवा. मला त्यांना गाणं वाचून दाखवायचंय."

६

ताई आली ती हातघाईवरच. "अजून किती दिवस? उद्या आई येतेय."

"रेकॉर्डिंगच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर, गाडीत. आईला गाताना समोर कुणी चालत नाही."

"दोन तास गाडीत?"

"हो. का? काकांची चूक झालीय ते सरळ सांगा ना. इतकी वर्षं काम केलंय, आम्ही काही त्यांना फासावर देत नाही."

काकांच्या मनाला ते फार लागलं. पण मॅडमनी डोळ्यांनीच त्यांना बसायला सांगितलं.

"मला फक्त चाल समजून घ्यायचीय," मॅडम म्हणाल्या आणि शब्द वाचू लागल्या, संथपणे, माईंच्याच लयीत. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, चहाच्या कपातून वाफ निघत होती. ताई बाहेर बघत ऐकत होती.

"पावलांचे माग गेले अंगणातूनी..." मॅडमनी शेवटचा शब्द लांबवला. "पुढे..."

"सावलीला एकटीने," ताई कुजबुजली. मान वळवली नाही, डोळे हलले नाहीत. नुसते ओठ.

मॅडम वाचतच राहिल्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुन्हा, "कोण आले." तिसऱ्या ओळीच्या शेवटी, "शब्द होते." चौथी ओळ संपली, मॅडम थांबल्या. ताई गप्प. धृपदाला कुणाला काय सांगावं लागतं?

मग खोलीतली शांतता तिच्या लक्षात आली. तिने वळून दोघांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही लहान खोलीत होतात," मॅडम म्हणाल्या.

दारात कानसेन उभा होता. केव्हा आला कुणास ठाऊक. "मी शब्द दिला होता त्यांना," तो म्हणाला. "कुणालाही सांगणार नाही म्हणून."

७

मग सगळं बाहेर आलं. माईंना दीड वर्षापासून शब्द आठवत नव्हते. सूर होता, ताल होता, समोर कागद धरला तर अक्षरं पोहू लागायची. धृपद आणि त्याला जोडून येणारी कडव्यांची पहिली ओळ तेवढी पक्की होती. ताई लहान खोलीत बसून पुढच्या ओळीचे दोन शब्द हेडफोनमधून आईच्या कानात सांगायची, आणि आई गायची. हे कळलं असतं तर लोकांनी गाणं ऐकलं नसतं, आईची कीव केली असती.

"कुजबुज हेडफोनमध्ये नीट पोचावी म्हणून मी ती उजव्या चॅनलमधून घेतली, चांगली वाढवून," कानसेन म्हणाला. "पियानोचा खटका तसाच चालू राहिला. घाई होती, काका. ऐकताना काही कळलं नाही, कारण जिथे माईंचा आवाज बसायचा तिथे ताईंची कुजबुज भरलेली असायची. नंतर मी ती पुसली आणि मग खड्डे दिसले."

"आणि खापर माझ्या व्हॉल्व्हवर फुटू दिलंस," काका म्हणाले.

ताईला आता कुठे अर्थ लागला होता. "म्हणजे मशीनने नाही," ती अडखळत म्हणाली. "आईचा आवाज मी दाबला? मी नुसती कुजबुजत होते हो!"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "व्हॉल्व्हने फाडलेला आवाज मला शिवता आला नसता. हा नुसता खाली बसलाय. किती आणि कुठे ते आता माहीत आहे. नऊ ठिकाणी हाताने उचलला की उभा राहील."

जाताना त्या काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "बिघडलेलं नाव तुमचं आहे. मालकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरं सांगितलं तर माईंचं गुपित जगजाहीर होणार. नाही सांगितलं तर शनिवारी यंत्र घरी आणि त्याच्याबरोबर आपणही. आपल्यालाही जोडी जमवल्याचा तो क्षण आठवत नव्हता, आणि एवढ्याने आपली झोप उडाली होती. त्या बाईंची तर गाणीच्या गाणी चालली होती.

शुक्रवारी अकराला माई आल्या. गळ्याला पांढरा रुमाल, हातात लेकीचा हात. मॅडमनी रात्रीपर्यंत न थांबता काम संपवलं होतं. आठवं गाणं वाजलं आणि कुठेही बुडलं नाही.

मालक खूश झाले. "वा! पण मुळात चूक कोणाची होती? काका?"

ताईने काकांकडे पाहिलं. कानसेनने पुढे यायला पाऊल उचललं. त्याच्या आधीच काका बोलून गेले.

"माझीच. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आकडे नीट दिसले नाहीत. व्हॉल्व्ह..."

"खोटं."

आवाज एवढा बारीक आणि घोगरा होता की कुणाचा ते क्षणभर कळलंच नाही. माई टेबलाला धरून उभ्या होत्या. "ही मला काल सगळं बोलली. माझ्यासाठी दुसऱ्याचं नाव घालवायचं?" त्यांनी श्वास घेतला. "मला शब्द आठवत नाहीत. ही सांगते, मी गाते. लिहा तसं रेकॉर्डवर."

"आई..."

"तुझी कुजबुज कुठंय?"

"पुसली," कानसेन म्हणाला.

"मग परत घ्या."

मालकांनी डोकं खाजवलं आणि नवीन मशीनवाल्याला फोन करायला बाहेर गेले. शनिवारी येऊ नका म्हणून.

ताई लहान खोलीत जाऊन बसली. काकांनी यंत्र चालू केलं, व्हॉल्व्ह लालसर होईपर्यंत वाट पाहिली, मग मधला खटका स्वतःच्या हाताने बंद केला आणि दोनदा दाबून खात्री केली. डावीकडे माईंचं गाणं, उजवीकडे लेकीचा माईक. माई काचेसमोर बसल्या, हेडफोन लावून. स्वतःचंच गाणं ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. लेक आधी दोन शब्द सांगायची, मग ओठ ते शब्द घ्यायचे. उजवा काटा वाकायचा, डावा आपल्या जागी.

तिसरं कडवं आलं. चौथी ओळ संपली. ताई सवयीने थांबली.

स्पीकरमधून धृपद सुरू झालं. माईंचे ओठ हललेच नाहीत. त्या काचेतून लेकीकडे बघत होत्या, वाट बघत होत्या.

ताईला समजायला एक क्षण लागला. मग ती माईकजवळ वाकली.

"उंबऱ्याशी थांबले मी," ती कुजबुजली.

आजवर त्या जागी कधी न वाकलेला उजवा काटा वाकला, आणि माईंचे ओठ हलू लागले.